बिनकाट्याचा, बिनतेलाचा, बिनधुराचा

आमच्या घरात एअर फ्रायर आला त्याला कारण एक काटा. तोही फार मोठा नाही, पापणीच्या केसाएवढा, रोहू माशाचा. गेल्या वर्षी एका लग्नात तो झिनुकच्या घशात अडकला. झिनुक माझी मुलगी, तेव्हा तीन वर्षांची. झिनुक म्हणजे शिंपला. नाव मीच हौसेने ठेवलं. पुढे मासा दिसला की ही शिंपल्यासारखंच तोंड मिटून घेईल, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

काटा अडकला तर काय करावं, हे कोलकात्यात कुणाला विचारावं लागत नाही. लोक आपणहून येतात. एका बाईंनी सुक्या भाताचा गोळा आणला, एका गृहस्थांनी केळं आणलं, आणि पन्नाशीच्या पुढच्या निदान सहा माणसांनी खिशातून होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटल्या काढल्या. कुठली गोळी द्यायची यावरून त्यांचं आपसात जुंपलं. तेवढ्यात सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बौमा, मांजराचे पाय धर."

आमच्याकडे असं मानतात. मासा मुळात मांजराचा, आपण तो त्याला न विचारता खातो, म्हणून काटा अडकतो. पाय धरून माफी मागितली की सुटतो. आता मी एम.एस्सी. आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात. मांजराच्या पंजावर काय काय नांदत असतं त्याची यादी मला पाठ आहे, आणि ती मी भर मांडवात मोठ्या आवाजात म्हणून दाखवली. यादी अर्ध्यावर आली असताना झिनुकने एक ढेकर दिली आणि काटा गेला. यादी मी तरीही पूर्ण केली.

काटा गेला, पण माझ्या घशातला गेला नाही. त्या दिवसापासून झिनुकच्या ताटात पडणारा प्रत्येक तुकडा आधी माझ्या हाताखालून जाऊ लागला. सुरुवातीला नुसती बोटं, मग भुवया कोरायचा चिमटा, आणि शेवटी टॉर्च. एके दुपारी मी माशाच्या तुकड्यावर टॉर्च मारून डोळे बारीक करून बघत होते, तेव्हा झिनुकने आधी तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. ते वर्षभर मिटलेलंच राहिलं.

आमच्या शहरात मूल उशिरा चाललं तर लोक म्हणतात, चालेल हो, घाई काय. उशिरा बोललं तर म्हणतात, बापावर गेलंय. पण मूल मासा खात नाही म्हटलं की समोरच्याचा आवाज एकदम खाली येतो. "डॉक्टरांना दाखवलंत?" मागच्या गल्लीतल्या एका बाईंनी तर माझा हात हातात घेतला आणि काही बोलल्याच नाहीत.

सासूबाई मात्र बोलल्या. आमच्या घरात अवघड बोलणी जेवताना होतात, म्हणजे कुणाला उठून जाता येत नाही. "अर्घ्यने दीड वर्षाचा असताना पाबदा खाल्ला होता," त्या म्हणाल्या. "डोक्यासकट." अर्घ्य म्हणजे माझा नवरा. तो अशा वेळी पंख्याकडे बघतो.

"तिला माशाची भीती वाटते, मा," मी म्हटलं.

"माशाची नाही गं. ती तुझ्या तोंडाकडे बघते आणि ठरवते, आता घाबरायचं की नाही."

हे मला फार लागलं, कारण ते खरं होतं. खोटं बोलणाऱ्या सासूशी निदान भांडता तरी येतं. त्या दुपारी मी भांडी आदळत ठरवलं: दुर्गापूजा सहा आठवड्यांवर आहे. देवी मंडपात यायच्या आत माझी मुलगी मासा खाईल. काट्याची शंकासुद्धा येणार नाही असा, एका घासाचा, कुरकुरीत, आणि तेलकट नसलेला, कारण तेलाबद्दलही माझ्याकडे एक यादी आहे.

एअर फ्रायर आला तेव्हा सासूबाईंनी त्याला एक प्रदक्षिणा घातली.

"हे काळं अंडं कसलं?"

"यात मासे तळतात, मा. तेलाशिवाय."

"मग तळतात कशाने?"

"गरम वाऱ्याने."

"वाऱ्याने कपडे वाळतात," त्या म्हणाल्या आणि टीव्ही लावला.

तळमजल्यावरच्या हालदार जेठीमाही यंत्र बघायला आल्या. जेठीमांचं वय बहात्तर, गुडघे दोन्ही गेलेले, पण नाक शाबूत. आमच्या संकुलात कुठल्या मजल्यावर काय शिजतंय ते त्यांना जिन्यातून चढताच कळतं. त्यांनी यंत्राचा खण उघडला, वास घेतला, बंद केला. "याला वासच नाही," त्या काळजीने म्हणाल्या. नव्या जावयाबद्दल बोलावं तसं.

पहिली पायरी मासा आणण्याची. गडियाच्या बाजारात निमाई नावाचा मासेवाला आहे. त्याच्याकडे मी भेटकीचा बिनकाट्याचा तुकडा मागितला. भेटकी आमच्याकडे साहेबी मासा. काटे कमी, मांस पांढरं, भाव चढे.

"नक्की बिनकाट्याचा ना?"

"नक्की, बौदी."

"एकही नाही?"

निमाईने विळीवरचा हात थांबवला. "बौदी, देवाने घातले तेवढे मी काढले. आता मी मोठा की देव मोठा, तुम्हीच सांगा."

"आणि ही भेटकीच आहे ना? भेटकी म्हणून दुसरं काहीतरी देतात, मी वाचलंय."

"मी तुमच्याशी खोटं बोलेन?"

"बोलाल."

"बोलेन," तो शांतपणे म्हणाला, "पण माशाबद्दल नाही."

मी तुकडा घेतला आणि पैसे मोजले.

आता प्रयोगांबद्दल. मी वही घातली होती, तारीख, तापमान, वेळ, निरीक्षण असे रकाने आखून. पहिल्या प्रयोगाच्या निरीक्षणात नुसतं "घासणी" असं लिहिलेलं आहे. दुसऱ्यात मी तुकड्यांना आमच्या पद्धतीने बिस्किटाचा चुरा लावला. यंत्रात पंखा असतो हे मी माहितीपत्रकात वाचलं होतं, पण वाचलेलं आणि समजलेलं यात शिक्षणाने फरक पडत नाही. पंखा सुरू झाला, चुरा उडाला, वरच्या तापलेल्या तारांना चिकटला आणि जळला. तुकडे उघडेवाघडे, धूर मात्र भरपूर. खालून जेठीमांची हाक आली, "ईप्शिता, कुणी गेलं का गं?"

तिसऱ्या वेळी कोळंबी घेतली. ती वाऱ्याने एवढी आक्रसली की बशीत आठ स्वल्पविराम ठेवल्यासारखे दिसत होते. अर्घ्यने दोन खाल्ल्या. तो चांगल्या घरातला आहे. "छान आहे," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "कशाचं आहे?"

अकरावा प्रयोग जमला. भेटकी आणि कोळंबी एकत्र बारीक चिरून, आलं-मिरची वाटून, गंधराज लिंबाची साल किसून, अंड्यात बुडवून, चुरा दाबून बसवायचा आणि वरून ब्रशने जरासं तेल फिरवायचं. हो, तेल. चमचाभर. ते मी सासूबाईंपासून लपवलं. तत्त्वाचा प्रश्न होता. बारा मिनिटांनी खण उघडला तर आत सुपारीएवढे आठ सोनेरी गोळे, आणि वास असा की खालचा जिना वाजू लागला. जेठीमा गुडघ्यांसकट येत होत्या.

पण आधी झिनुक. मी एक गोळा फोडून फुंकर घातली. सवयीने टॉर्च लावला, नीट पाहिलं, मग तिच्यापुढे धरला.

"मा, यात काटा आहे?"

"नाही सोन्या. एकसुद्धा नाही."

"मग तू टॉर्च का मारतेस?"

एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेतसुद्धा मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. झिनुक उठून चित्रं काढायला गेली. तो गोळा जेठीमांनी खाल्ला. मग बाकीचे सातही खाल्ले, बोटं चाटली आणि म्हणाल्या, "आनंदमेळ्यात ठेव." मी हसून हो म्हटलं. वडीलधाऱ्यांना आपण म्हणतो तसं, नुसतंच.

आनंदमेळा म्हणजे पूजेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या संकुलाच्या अंगणात घरोघरच्या बायका आपापला पदार्थ मांडतात तो. त्यात नंबर काढतात, आणि त्यावरून पुढच्या वर्षीच्या आनंदमेळ्यापर्यंत कोण कुणाशी बोलत नाही ते ठरतं. मी आजवर तिथे फक्त खायला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पल्टूदा उभे. पल्टूदा पूजा समितीचे सचिव. कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झाले आहेत, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. काखेत फाइल होती.

"तुमचं नाव यादीत चढलंय," ते म्हणाले.

"कुणी चढवलं?"

"ते आता महत्त्वाचं नाही. चढलंय. तुमच्या केसमध्ये एक अडचण आहे." माझी केस झाली होती. "अंगणात चूल पेटवायची नाही असा आपला नियम आहे. मंडप कापडाचा. सगळे घरून शिजवून आणतात. तुम्हाला यंत्र अंगणात लावायचंय असं हालदार जेठीमा म्हणाल्या, गरम गरम देणार म्हणून. तर प्रश्न असा की हे यंत्र आहे की चूल आहे?"

"यंत्र आहे. यात जाळ नसतो."

"पण शिजतं?"

"शिजतं."

"मग?" पल्टूदांनी डोळे मिटले. "हा सोपा प्रश्न नाही, ईप्शिता."

या प्रश्नावर समितीच्या तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत चहा झाला. दुसऱ्या बैठकीत एकाने इस्त्रीचं उदाहरण दिलं, ती तापते पण चूल नव्हे. त्यावर दुसरा म्हणाला की इस्त्रीत शिजत नाही, आणि तिसऱ्याने सांगितलं की वसतिगृहात असताना तो इस्त्रीवर पोळी भाजत असे, त्यामुळे सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या बैठकीत लेखी निर्णय आला: सदर वस्तू यंत्र आहे, परंतु चुलीच्या सर्व अटी लागू. म्हणजे वाळूची एक बादली, पाण्याची एक बादली, खालच्या-वरच्या शेजाऱ्यांची संमती, आणि मंडपाची वीज जोडणाऱ्या माणसाचा होकार. तो माणूस शिडीवर होता. त्याने वरूनच माझ्या यंत्राकडे पाहिलं. "एवढासा डबा? लावा बौदी, बिनधास्त." मी ते लिहून मागितलं. त्याने शिडीवरून सही केली. त्या सहीवर माझा फार विश्वास बसला.

मग पल्टूदांनी फॉर्म पुढे केला. पदार्थाचं नाव, या रकान्यात मी लिहिलं, "एका घासाचा मासा". वर्णनात लिहिलं, "बिनकाट्याचा, बिनतेलाचा, बिनधुराचा". लिहिताना मला अभिमान वाटत होता. मग फॉर्मच्या तळाशी नजर गेली. कलम नऊ: *पहिला घास सहभागी घरातील सर्वांत लहान व्यक्तीने परीक्षकांसमोर खावा.*

"हे काय आहे?"

"जुना नियम. एका वर्षी एकांच्या चॉपने अख्खी ब इमारत आजारी पडली. मागून कळलं, त्यांच्या स्वतःच्या घरात कुणी चॉपला हात लावला नव्हता. तेव्हापासून."

माझ्या घरातली सर्वांत लहान व्यक्ती तेव्हा जमिनीवर बसून जांभळ्या रंगाचा हत्ती काढत होती. सगळ्या गडियासमोर ती तोंड मिटणार, आणि सगळ्यांना कळणार की हिच्या आईने हिला काय करून ठेवलंय.

"पल्टूदा, माझं नाव काढा."

"काढता येतं," ते आनंदाने म्हणाले. "त्याचा वेगळा फॉर्म आहे. फक्त तो छापायचा राहिलाय."

पुढचे चार दिवस मी झिनुकची विनवणी केली. गोष्टी सांगितल्या, माशाला गाणं लावलं, जांभळा हत्ती मासे खातो असंही सांगितलं. "हत्ती गवत खातो," झिनुक म्हणाली. तिच्या शास्त्रीय दृष्टीचं मला एरवी कौतुक वाटलं असतं. सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. त्या दिवसांत त्या मला काहीच बोलल्या नाहीत. याचा अर्थ त्यांना माझी दया येत होती, आणि हे माझ्याने सहन होईना.

पंचमीची संध्याकाळ आली. मी एकशे वीस गोळे वळून, परातीत ओळीने मांडून अंगणात उतरवले. डावीकडे वाळू, उजवीकडे पाणी, मध्ये मी आणि काळं अंडं. एखादं छोटं अग्निशमन केंद्र उघडल्यासारखं दिसत होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचे पाटीशापटे, म्हणजे खोबऱ्याचं गोड सारण भरलेल्या गुंडाळ्या, घरून तयार होऊन आले होते. त्यांनी माझ्या बादल्यांकडे पाहून विचारलं, "स्फोट कितीला आहे?"

माझ्या टेबलाखाली चेअरमन येऊन बसला. आमच्या संकुलाला निवडून दिलेला चेअरमन नाही. चेअरमन हा पिवळा बोका आहे. पोट मोठं, एक कान फाटका, काम काही करत नाही, पण मासे असतील तिथे वेळेवर हजर असतो. नाव त्यावरूनच पडलं. झिनुकचा तो जीव की प्राण. मी त्याला पायानेच जरा दूर सारलं. यादी आठवली म्हणून.

तेवढ्यात अर्घ्यने बोटं मोजत विचारलं, "एका वेळी किती मावतात?"

"आठ."

"आणि बारा मिनिटं?" त्याची बोटं संपली, तो दुसऱ्या हातावर गेला. "एकशे वीस म्हणजे तीन तास झाले. मेळा दोन तासांचा आहे ना गं?"

हे गणित मी केलं नव्हतं. वहीत तापमानाचे रकाने होते, माणसांचा नव्हता. रांग तोवर पाण्याच्या नळापर्यंत गेली होती, कारण जेठीमांनी प्रत्येक मजल्यावर सांगून ठेवलं होतं. तीन परीक्षक येऊन उभे राहिले. पल्टूदांनी फाइल उघडली. "कलम नऊ. मुलीला आणा." मी म्हटलं, आधी गरम तर होऊ दे, आणि परातीतले आठ गोळे आत घालून बटण दाबलं.

त्याच क्षणाला पूजेचा मोठा ढोल, म्हणजे ढाक, वाजू लागला आणि शिडीवरच्या माणसाने प्रवेशद्वाराची रोषणाई लावली. मोर, कमळं, फिरणारं चक्र, सगळं मिळून हजारभर दिवे. एक क्षण ते सगळं लागलं. दुसऱ्या क्षणी फट् असा आवाज झाला आणि काहीच राहिलं नाही. मोर गेला, चक्र गेलं, मंडप गेला, अ आणि ब दोन्ही इमारती गेल्या. सांजेच्या उरलेल्या उजेडात देवी दहा हात पसरून उभी होती. जणू तीसुद्धा विचारत होती, हे कुणी केलं?

"मी सही घेतली होती," मी म्हटलं.

"माझ्याकडेही तुमची सही आहे," पल्टूदा म्हणाले.

रांगेतून सूचना येऊ लागल्या. यंत्र उलटं करा. वरून थोपटा. एक आजोबा म्हणाले, आमच्या वेळी हे नव्हतं. काय नव्हतं ते त्यांनी सांगितलं नाही. एकाने तत्परतेने माझी वाळूची बादली उचलली आणि कुठे ओतू असं विचारत उभा राहिला. शेवटी जेठीमांचा आवाज आला. "हे अंडं राहू दे बाजूला. परात माझ्या स्वयंपाकघरात आणा. गॅसला वीज लागत नाही." आणि सासूबाई, ज्या आतापर्यंत खुर्चीत बसून होत्या, त्या पदर खोचून उठल्या. इतक्या चपळाईने उठलेलं मी त्यांना सहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

तळमजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात लोखंडी कढई चढली. तीत मोहरीचं तेल पडलं, थोडंथोडकं नाही, माझी पूर्ण यादी बुडेल एवढं. धूर निघाला. पहिला गोळा पडला तसा असा चर्र आवाज झाला की अंगणातली सगळी रांग न सांगता खिडकीकडे वळली. सासूबाई तळत होत्या, जेठीमा काढत होत्या, अर्घ्य खिडकीतून द्रोण देत होता. माझ्या हातात वेळ मोजायचं घड्याळ होतं. ते चालू होतं, पण कशासाठी ते आता कुणालाच माहीत नव्हतं.

"बौमा," सासूबाई कढईवरून न बघता म्हणाल्या, "लिंबाची साल घातलीस ते चांगलं केलंस."

त्यांच्याकडून आलेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. ते नीट घ्यावं म्हणून मी मान वर केली आणि माझ्या लक्षात आलं की झिनुक दिसत नाही.

ती खुर्चीवर नव्हती, अर्घ्यजवळ नव्हती, पाटीशापट्यांच्या टेबलाखाली नव्हती. मी हाका मारत अंधाऱ्या अंगणात धावले. टॉर्च हातात होता, पण तो लावायचंही सुचलं नाही. एका वर्षात मी त्या मुलीवर येऊ शकणाऱ्या प्रत्येक संकटाची तयारी केली होती, आणि ती नुसती दिसेनाशी होईल हे त्यात नव्हतं. मंडपाला वळसा घालून मी मागे गेले.

तिथे बांबूंच्या मध्ये कंदील ठेवून म्हातारा ढाकी जेवायला बसला होता. ढाक पिसाऱ्यासकट बाजूला उभा करून ठेवलेला. वीज गेली तशी त्याने पान मांडून घेतलं असणार. केळीच्या पानावर भात आणि बोटाएवढ्या पुंटी माशांचं कालवण. पुंटी म्हणजे काट्यांची जुडी, वरून जरासं मांस लावलेली. पानाच्या दुसऱ्या बाजूला उकिडवी बसली होती झिनुक. गाल फुगलेला होता. ती फार विचार करत असल्यासारखी चावत होती. मग तिने दोन बोटं तोंडात घालून एक काटा काढला, कंदिलाच्या उजेडात पाहिला आणि पानाच्या कडेला ठेवला. तिथे काटे ओळीने मांडलेले होते. मी मोजले. अकरा.

मी ओरडण्यासाठी तोंड उघडलं.

"ओरडू नका, मा," म्हातारा मान वर न करता हळूच म्हणाला. "पोर दचकलं की गिळतं."

मी तोंड मिटलं. अगदी शिंपल्यासारखं.

"चौथा मासा आहे," तो म्हणाला. "लेकीला भूक होती. मी विचारलं, काटे काढता येतात का? म्हणाली, नाही. मी म्हटलं, मग शीक. माझ्या नाती तीन वर्षांच्या असताना शिकल्या."

मी तिथेच मातीत बसले. रेशमी साडी होती. हात मांडीखाली दाबून ठेवले, कारण ते आपणहून त्या पानाकडे निघाले होते. झिनुकने आणखी एक घास घेतला. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला आठवलं, ती बघते आणि ठरवते. मग मी चेहऱ्यावर जे काही आणलं त्याला हसू म्हणतात की नाही मला माहीत नाही, पण मी ते तसंच धरून ठेवलं. गाल दुखेपर्यंत.

झिनुकने बारावा काटा काढून ठेवला. "मा," ती समजावून सांगावं तशी म्हणाली, "काटा जिभेने शोधायचा असतो. टॉर्चने नाही."

दिवे आले. ढाकी हात धुऊन ढाकाला भिडला, आणि मी झिनुकला घेऊन खिडकीपाशी आले. परीक्षक तिथेच होते, त्यांचे ओठ तेलाने चमकत होते. पल्टूदा मात्र उपाशी. कलम नऊ पूर्ण झाल्याशिवाय त्यांनी द्रोणाला हात लावला नव्हता. या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला मानते. त्यांनी एक गोळा झिनुकपुढे धरला. सगळं अंगण बघत होतं. सासूबाईंच्या हातातला झारा थांबला होता.

झिनुकने गोळा तोंडात घातला. चावला. पुष्कळ वेळ चावला, या गालातून त्या गालात फिरवला, जिभेने सगळीकडे शोधलं. मग गिळला आणि विचारलं, "यात मासा कुठाय?"

"हाच मासा आहे, सोन्या."

"काटा तर नाहीच," ती निराश होऊन म्हणाली. "काढायचं काय मग?"

लोक जे हसले ते पुढच्या गल्लीत ऐकू गेलं. आमचे गोळे अर्ध्या तासात संपले, आणि बक्षीसही मिळालं. प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत लावलं आहे. पल्टूदांनी फॉर्मवरून जसंच्या तसं उतरवून दिलं: बिनकाट्याचा, बिनतेलाचा, बिनधुराचा पदार्थ, प्रथम क्रमांक. मी सांगून पाहिलं की यातलं फक्त पहिलं खरं आहे. ते म्हणाले, दुरुस्तीचा फॉर्म वेगळा आहे.

षष्ठीला आम्ही आया मुलांसाठी उपास करतो, म्हणून मासा थेट सप्तमीच्या दुपारी शिजला. सासूबाईंनी मोहरी वाटून पारशे केले होते, अख्खे, काट्यांसकट. झिनुक पाटावर बसून आपलं काम करत होती, काटे ओळीने मांडत. मी तिच्या प्रत्येक घासाकडे बघत होते. टॉर्च नव्हता. नुसतीच बघत होते. आणि बघता बघता आपल्या तोंडात काय आहे याकडे माझं लक्ष राहिलं नाही.

काटा चांगला जाड होता. मी गप्प राहायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांतून पाणी आलं. अर्घ्यने पंख्यावरची नजर काढली. सासूबाईंनी भाताचा गोळा वळून दिला. "चावू नकोस मा, तसाच गिळ," झिनुक म्हणाली. गिळला. दुसरा गिळला. केळं झालं. जेठीमा, काट्याला वास नसतानाही, वर आल्या आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली अख्खी माझ्या हातावर उपडी केली. काटा जागचा हलला नाही. सासूबाईंच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं, पण त्यांनी ते ओठांपर्यंत येऊ दिलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

झिनुक उठून गेली. परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत मिळून चेअरमन होता, मागचे पाय जमिनीवर घासत. तिने त्याला माझ्यासमोर नीट बसवलं. पुढचे पंजे जुळवून ठेवले.

यादी मला पाठ होती. तिच्यातली पहिली तीन नावं मी मनात म्हटलीही. मग माझ्या तोंडाकडे बघत उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं, आणि मी, ईप्शिता दत्तगुप्त, एम.एस्सी., सणाच्या दिवशी नवऱ्यासमोर, सासूसमोर आणि हालदार जेठीमांसमोर वाकून त्या बोक्याचे पाय धरले. वाकल्यामुळे मानेला हिसका बसला असेल, किंवा दोन भाताच्या गोळ्यांचा भार उशिरा पोचला असेल. याला शास्त्रीय कारण आहे आणि ते मी कुणालाही समजावून सांगायला तयार आहे. काटा गेला.

"आ कर," झिनुक म्हणाली. माझ्या पर्समधून काढलेला टॉर्च तिच्या हातात होता. मी तोंड उघडलं. तिने एक डोळा मिटून आत उजेड पाडला, बराच वेळ पाहिलं आणि टॉर्च बंद केला.

"काही नाही. आता चेअरमनला थँक्यू म्हण."

म्हटलं. दोन्ही पंजांना वेगवेगळं.